पुस्तकाबाहेरचं उदाहरण

दामले सर घाबरट होते. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्याविषयी बोलायला लागले की ऐकणारा थोड्या वेळाने हटकून म्हणतो, "म्हणजे मोठे धीराचे गृहस्थ असणार!" तसं अजिबात नव्हतं. कलकत्त्यातल्या सगळ्या मराठी मंडळींना त्यांचा घाबरटपणा ठाऊक होता. गणेशोत्सवात करमणुकीचा कार्यक्रम असला की कुणीतरी त्यांची नक्कल करायचंच. दारावर थाप पडली की आतून आधी "कोण?" मग "एकटेच आहात ना?" मग "खाली जिन्यात कुणी उभं नाही ना?" एवढं झालं की कडी निघायची, तीही अर्धीच. मंडळी पोट धरून हसायची. सरही हसायचे. पण हसता हसता मांडवाला मागून वाट कुठे आहे, तेवढं बघून ठेवायचे.

ते साल सत्तर. हसण्यासारखे दिवस नव्हते. वडील कस्टममध्ये होते, खिदिरपूरच्या गोदीवर. नागपूरहून बदली होऊन आम्ही बालीगंजला एका फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आल्या आल्या मला बंगाली अक्षरं वाचता येईनात, पण क्रांती करायला निघालेल्या पोरांनी भिंतीवर लिहिलेल्या लाल घोषणांचा अर्थ न वाचताही कळायला लागला. संध्याकाळी गल्लीत कुठेतरी धाडकन आवाज व्हायचा, दुकानांच्या फळ्या लागायच्या, आणि आई भाजी चिरायची थांबून माझं नाव घेऊन हाक मारायची. मी समोरच बसलेली असले तरी.

या सगळ्यात माझी स्वतःची एक वेगळी भीती होती, आणि ती सांगायची लाज वाटायची. मला रसायनशास्त्राची गणितं येत नव्हती. व्याख्या पाठ, गुणधर्म पाठ, पण प्रश्नात 'किती ग्रॅम' हे शब्द दिसले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग समोर जे दोन आकडे दिसतील ते घेऊन मी गुणाकार करून टाकायची. सहामाहीत शंभरातले अठरा मिळाले. वडिलांनी पेपर दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "दामल्यांकडे जाऊ या."

सर बालीगंज स्टेशनच्या पलीकडच्या एका मुलांच्या शाळेत रसायन शिकवायचे. त्यांचे वडील फार पूर्वी छापखान्यात कामाला म्हणून कलकत्त्यात आलेले, सरांचा जन्म इथलाच. आमच्या मागच्याच गल्लीत पहिल्या मजल्यावर ते आणि कमलकाकू, दोघंच. मूलबाळ नव्हतं. सर उंच, जरा वाकलेले, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. काकू त्यांच्या खांद्याला लागतील एवढ्या, पण आवाज गल्लीच्या टोकाला पोचेल असा.

त्या दिवशी तिन्ही प्रश्नांची उत्तरं वडिलांनी जिन्यातून दिली, तेव्हा आम्हाला आत घेतलं. टेबल खोलीच्या मधोमध ओढलेलं होतं. खिडकीच्या समोर एकही खुर्ची नव्हती. कपाटावर काचेच्या पेटीत एक जुना केमिकल बॅलन्स, म्हणजे बारीक वजनांचा तराजू होता, त्याच्यावर काकूंच्या रेशमी लुगड्याचा तुकडा पांघरलेला.

सरांनी मला एक उदाहरण घातलं. पन्नास ग्रॅम संगमरवर भाजला तर कार्बन डायऑक्साइड किती निघेल? अणुभार त्यांनीच शेजारी लिहून दिले. मी पन्नासला चव्वेचाळीसने गुणलं आणि बावीसशे लिहिलं.

सरांनी वही आपल्याकडे ओढली. मग हळूच म्हणाले, "पन्नास ग्रॅम दगड होता ना?"

"हो."

"आणि त्यातून बावीसशे ग्रॅम वायू निघाला. दोन किलोहून जास्त. उरलेला कुठून आणलास, मंदा?"

स्वयंपाकघरातून काकू हसल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी चष्मा काढून पुसला.

"भ्यायलीस ना?"

"हो."

"मीसुद्धा फार भितो," सर म्हणाले. वडिलांसमोर, अगदी सरळ, जसं कुणी आपलं गाव सांगावं. "भ्यालेला माणूस हाताला लागेल ते उचलतो आणि पळतो. तू दोन आकडे उचललेस आणि पळालीस. आता भीती घालवायच्या भानगडीत आपण पडायचं नाही. ती जात नाही, मी करून पाहिलंय. ती असताना काय करायचं, तेवढं आधी ठरवून ठेवायचं."

आणि त्यांनी ठरवून दिलं. प्रश्न दोनदा वाचायचा. दुसऱ्यांदा बोट ठेवून. मग समीकरण. मग पेन खाली ठेवायचं आणि उत्तर साधारण केवढं येईल ते तोंडाने सांगायचं. पेन खाली ठेवल्याशिवाय सर पुढे जाऊच देत नसत. "पन्नास ग्रॅम दगडातून पन्नासपेक्षा कमीच निघणार, एवढं कळायला गणित कशाला हवं?" म्हणायचे. आणि आकड्यापुढे ग्रॅम की मोल हे लिहिलं नसलं तर त्यांना खरंच अस्वस्थ व्हायचं. "उघडा आकडा चारचौघांत आणू नये गं. घाल काहीतरी त्याच्या अंगावर."

ते पुटपुटायचे ते आकडे बंगालीत, समीकरण वाचायचे इंग्रजीत, आणि काही पडलं-आपटलं की "अगं आई" मात्र मराठीत.

'मोल' या शब्दाने मला फार छळलं होतं. सर म्हणाले, "मोल म्हणजे किंमत नव्हे. मूठ समज. ठरलेली मूठ. रसायनात देवघेव मुठींनी होते, ग्रॅमनी नाही. एका मुठीला एक मूठ. आता मूठ हलकी की जड, तो ज्याच्या त्याच्या अणुभाराचा प्रश्न." तरी माझ्या चेहऱ्यावर उजेड पडेना. तेव्हा त्यांनी काकूंकडून मोहरीचा डबा मागवला, बॅलन्सवरचं रेशीम काढलं, आणि चिमट्याने शंभर दाणे मोजून पारड्यात टाकायला सांगितलं. शंभरांचं वजन कळलं की अख्ख्या डब्यात दाणे किती, ते न मोजता सांगता येईल. जे हाताने मोजता येत नाही ते वजनाने मोजायचं, एवढीच गंमत.

मी मोजत होते आणि गल्लीच्या तोंडाशी स्फोट झाला. जवळच. खिडकीच्या काचा खणखणल्या. मी चिमटा धरून तशीच बसले. वर पाहिलं तर सर खुर्चीत नव्हते. ते टेबलाखाली होते. गुडघे पोटाशी घेतलेले, दोन्ही हात कानांवर.

"मंदा, खाली ये," ते खालून म्हणाले. "आधी खाली ये."

मी खाली गेले. बाहेर धावणाऱ्यांचे पाय वाजत होते, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. सरांचे दात वाजत होते, ते मला ऐकू येत होतं. एवढ्या मोठ्या माणसाचे दात वाजताना मी कधी ऐकले नव्हते. मला रडू येणार, एवढ्यात ते म्हणाले, "किती झाले होते?"

"काय?"

"दाणे."

"त्र्याऐंशी."

"विसरशील. हातावर लिहून ठेव."

मी तळहातावर त्र्याऐंशी लिहिलं. पाचेक मिनिटांनी काकूंनी येऊन वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "चला, गेले ते. चहा टाकलाय." आम्ही बाहेर आलो आणि उरलेले सतरा दाणे मोजले. त्या दिवसापासून मोल मला कधी अडलं नाही. का, ते मला सांगता येणार नाही.

मला घरी पोचवायला काकूच यायच्या. सर दारापर्यंत यायचे आणि कडी लावून घ्यायचे. याचं मला तेव्हा हसू यायचं. पोलीस दिसला तरी सर रस्ता बदलायचे, पोरांचा घोळका दिसला तरी बदलायचे. शाळा घरापासून दहा मिनिटांवर, पण त्यांना कधी कधी पाऊण तास लागायचा.

हिवाळा सुरू झाला होता. गुरुवारचा दिवस, दुपारचे चार. दारावर थाप पडली. सरांनी विचारलं, "कोण?" बाहेरून उत्तर आलं, "शुभेंदू, सार." सरांचा चेहरा एकदम खुलला. पुढचे दोन प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत. शुभेंदू त्यांचा जुना विद्यार्थी होता, दोनच वर्षांपूर्वी शाळेतून बाहेर पडलेला. सर त्याच्या वह्या मला दाखवायचे, असं गणित मांडावं म्हणून. मी त्याला पाहिलं नव्हतं, पण त्याचं अक्षर ओळखत होते.

दार उघडलं तर दोघं होते. शुभेंदू किडकिडीत, दाढी वाढलेली, अंगावर मळकी शाल. दुसरा त्याच्यापेक्षा मोठा. तो आत आला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. शुभेंदूने वाकून सरांच्या पायाला हात लावला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि शालीतून एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

"सार, हिशेबटा कोरे दिन ना." एवढा हिशेब करून द्या. पुढचं सगळं बोलणं बंगालीतच झालं.

चिठ्ठीत काय होतं ते मला दिसलं नाही. सरांना दिसलं; बॉम्बच्या मसाल्याचाच हिशेब असणार. त्यांनी ती उचलली आणि कागद फडफडायला लागला. दुसऱ्या हाताने पाण्याचा पेला धरायला गेले, तो आडवा झाला, पाणी माझ्या वहीवरून त्यांच्या मांडीवर ओघळलं.

सर म्हणाले, "यात एककं नाहीत."

मला वाटतं ते आपोआपच तोंडातून निघालं. शुभेंदूने मान खाली घातली. "चुकलं, सार," तो म्हणाला. क्षणभर तो शाळेतलाच मुलगा होता. दाराशी उभा होता त्याने चिडून 'च्' केलं.

"वेळ नाही. करून देणार की नाही?"

"मला येणार नाही," सर म्हणाले. आवाज इतका बारीक की मला ओठांवरून कळलं. "मला नाही येणार, शुभेंदू."

"घाबरू नका, सार."

"घाबरतो रे. पण हे मी नाही करणार."

शुभेंदूने चिठ्ठी घडी करून पुन्हा शालीत ठेवली. मग दुसरा बोलला. शाळेच्या प्रयोगशाळेत सल्फ्युरिक ॲसिडच्या दोन नव्या बाटल्या आल्यात, पाच-पाच किलोच्या. सोमवारी दुपारी ते शाळेत येतील. स्टोअरची किल्ली सरांकडे असते. बाटल्या काढून ठेवाव्यात. पोलिसांपर्यंत गेलात तर या मुलीलाही आम्ही पाहिलेलं आहे, एवढं लक्षात ठेवा.

ते गेले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात झारा. त्यांचा तो गल्लीभर जाणारा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"पोलिसांना सांगा," त्या म्हणाल्या.

"सांगितलं तर पोलीस त्या पोराला जिवंत ठेवणार नाहीत," सर म्हणाले. "नाही सांगितलं तर आणखी कुणाचं तरी तोंड जळेल. आणि हिचं नाव घेतलं त्याने." ते उठले, मोरीत गेले आणि त्यांना उलटी झाली. तोंड पुसत परत आले आणि मला म्हणाले, "पुढचं उदाहरण घे." मी पेन धरलं, पण ते कागदावर टेकेना. त्या दिवशी काकूंनी मला आमच्या दारात सोडताना माझा हात दाबला. घरी मी काही बोलले नाही. बोलले असते तर शिकवणी बंद झाली असती. पण खरं सांगायचं तर ते कारण नव्हतं. बोलायला तोंडच उघडत नव्हतं.

शनिवारी सकाळी गेले तेव्हा सरांनी दाढी केली नव्हती. त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एका कागदावर उदाहरण लिहून ठेवलं होतं. ओळी वर-खाली गेलेल्या.

"हे सोडव. मी सोडवलंय, पण माझ्या डोक्याचा दोन दिवस भरवसा नाही. सावकाश कर."

अठ्ठ्याण्णव टक्के शुद्ध सल्फ्युरिक ॲसिड, दहा किलो. ते पूर्ण मारून टाकायला धुण्याचा सोडा किती लागेल?

मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा बोट ठेवून. दहा किलोत शुद्ध ॲसिड नऊ हजार आठशे ग्रॅम. रेणुभार अठ्ठ्याण्णव, म्हणजे बरोबर शंभर मोल. समीकरणात एका मोलला एक मोल सोडा. सोड्याचा रेणुभार एकशे सहा. पेन खाली ठेवलं. "साधारण दहा-अकरा किलो येईल."

"माझंही दहा किलो सहाशेच आलं," सर म्हणाले.

मी उत्तर लिहायला घेतलं आणि बोट पुन्हा प्रश्नावर गेलं. धुण्याचा सोडा. हे सरांनीच मला महिनाभरापूर्वी घोटवून घेतलं होतं.

"सर, पण सोडा कोरडा की स्फटिक?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग काकूंकडे. काकू कोपऱ्यात गेल्या, तिथे चार कापडी पिशव्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. एकीतून त्यांनी एक खडा काढून टेबलावर ठेवला. काचेसारखा, कडांना पांढरी भुकटी सुटलेली.

"वाण्याकडे असतो तो हा," काकू म्हणाल्या.

स्फटिकात दहा रेणू पाणी असतं. एकशे सहा नव्हे, दोनशे शहाऐंशी. शंभर मोलना अठ्ठावीस किलो सहाशे ग्रॅम.

"किती आणलाय?" मी विचारलं.

"अकरा किलो," काकू म्हणाल्या.

निम्म्याहून जास्त ॲसिड तसंच राहिलं असतं. सर खुर्चीत मागे टेकले. "पंचवीस वर्षं हा प्रश्न मी परीक्षेत घालतोय," ते म्हणाले. "मुलं नेमकी इथेच चुकतात. दर वर्षी लाल शाईने लिहितो, नीट वाचत जा."

तेव्हा मला कळलं. "हे पुस्तकातलं उदाहरण नाही ना, सर?"

"पुस्तकातलंच समज," सर म्हणाले. "घरी बोलू नकोस."

काकू पदर खोचत उठल्या. "आणखी अठरा किलो. आता कुठल्या तोंडाने जाऊ? सकाळीच तो वाणी विचारत होता, बौदी, सगळ्या गल्लीचे कपडे तुम्हीच धुणार का!"

रविवार मी घरात बसून काढला. वडील पेपर वाचत होते, आईने मेथीचे लाडू वळायला घेतले होते, आणि मी गॅलरीत बसून ते एकच गणित पुन्हा पुन्हा करत होते. नऊ हजार आठशे. शंभर. दोनशे शहाऐंशी. परीक्षेत चुकलं तर दोन मार्क जातात. इथे चुकलं तर काय जाईल, ते मला डोळ्यांसमोर आणवत नव्हतं. आठ वेळा केलं. प्रत्येक वेळी अठ्ठावीस किलो सहाशेच आलं, आणि प्रत्येक वेळी वाटलं की आठही वेळा मी एकाच ठिकाणी चुकतेय.

त्या दिवशी काय झालं ते काकूंनी नंतर सांगितलं. सोड्याचं गाठोडं करून ती दोघं रिक्षाने शाळेत गेली, रखवालदाराला म्हणाली, प्रयोगशाळा धुवायची आहे. पिंपं पाण्याने भरली. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधी नाही, असं सर दर पाच मिनिटांनी काकूंना बजावत होते. बाटली धरताना सरांचे हात इतके कापत होते की ती दोघांनी मिळून धरली. चार हातांनी, बारीक धार. मग सोडा, मूठ मूठ. फेस वर यायचा, खाली बसायचा, पुन्हा वर यायचा. चार तास लागले. काकूंच्या पदराला तीन भोकं पडली. शेवटी सरांनी निळा लिटमस कागद बुडवला आणि तो निळाच राहिला. तरी त्यांचा विश्वास बसेना, त्यांनी आणखी पाच कागद बुडवले. मग बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या आणि घरी येऊन न जेवता झोपले.

सोमवारी शाळेत जाऊ नका म्हणून काकूंनी हात जोडले. सर म्हणाले, "मी नाही गेलो तर ते रखवालदाराला धरतील. किंवा इथे येतील." आणि गेले. पाऊण तासाच्या वाटेने.

पाच जण आले. पालथ्या बाटल्या पाहिल्या. सरांना कॉलर धरून फळ्यापाशी नेलं आणि विचारलं, ॲसिड कुठे आहे? सरांच्या तोंडातून शब्द फुटेना. जीभ टाळूला चिकटली होती, असं ते पुढे मला स्वतः म्हणाले. मग त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर समीकरण लिहिलं. बाकीच्यांना काही कळलं नाही. शुभेंदूने वाचलं. तळाशी अठ्ठावीस किलो सहाशेचा आकडा होता, तिथवर वाचलं आणि म्हणाला, "संपलं. काही उरलेलं नाही."

एकाने सरांच्या तोंडात मारली. चष्मा उडाला. शाळेचा बॅलन्स, चंबू, नळ्या, हाताला लागेल ते फोडलं त्यांनी. जाताना शुभेंदू सगळ्यात मागे होता. त्याने खाली पडलेला चष्मा उचलून टेबलाच्या कडेला ठेवला. एकच काच शाबूत होती.

पुढच्या आठवड्यात एक पोलीस अधिकारी सरांच्या घरी आला. तासभर बसला. काकू सांगत होत्या, सरांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. कोण मुलं होती? सर म्हणाले, मला चेहरे लक्षात राहत नाहीत. पंचवीस वर्षं शिक्षक आहात आणि चेहरे लक्षात राहत नाहीत? सर म्हणाले, "मी वह्या बघतो, साहेब. चेहरे नाही." अधिकाऱ्याने जाताना दारातून वळून म्हटलं, आम्ही पुन्हा येऊ. सरांना तीन दिवस ताप होता.

शाळेतल्या मोडतोडीची बातमी घरी कळली आणि वडिलांनी माझं तिकडे जाणं थांबवलं. शनिवारच्या उदाहरणाचं मी त्यांना पुढे पुष्कळ वर्षांनी सांगितलं. माझं जाणं थांबल्यावर काकू भाजी द्यायला म्हणून यायच्या आणि पालकाच्या जुडीत खोचलेला सरांचा कागद मला द्यायच्या, दहा-दहा गणितं. सोडवून मी परत पाठवायची. लाल शाईच्या खुणा आता थरथरत्या असायच्या. बरोबरची खूणसुद्धा नागमोडी. बारीक वजनं चिमट्याने उचलायला त्यांना पुढे कधीच जमलं नाही. लोकांना वाटलं असेल, एवढं झाल्यावर माणूस धीट होतो. सर जास्तच भित्रे झाले. भर दुपारीसुद्धा खोलीत दिवा लावून बसायचे, काकू मोरीत गेल्या तरी हाका मारायचे. मी परीक्षा दिली. एकही गणित सोडलं नाही. मार्क सांगायला गेले तेव्हा त्यांनी आकडा ऐकून मान हलवली आणि म्हणाले, "पेन खाली ठेवत होतीस ना मधे मधे?"

त्याच सुमारास काकूंनी सांगितलं की शुभेंदूला दुसऱ्याच कसल्या तरी प्रकरणात धरलंय. त्याच्या घरी फक्त आई. तिला कागदपत्रातलं काही कळत नाही, नातलगांनी पाठ फिरवलीय.

बहात्तरच्या उन्हाळ्यात वडिलांची विशाखापट्टणला बदली झाली. निघायच्या आठवड्यात त्यांना खिदिरपूरला शेवटचे कागद द्यायचे होते, मलाही बरोबर नेलं. बस आलिपूरच्या बाजूने, तुरुंगाच्या उंच भिंतीजवळून जात होती आणि पुढे काहीतरी अडलं म्हणून थांबली. भिंतीच्या सावलीचा पट्टा हातभर रुंद. त्याच्या बाहेर, उन्हात, भेटीला आलेल्यांची रांग होती. बहुतेक बायका, हातात डबे, पिशव्या. दोन्ही बाजूंना बंदूकवाले पोलीस.

रांगेत सर होते.

शर्टाचं वरचं बटण लावलेलं. त्यांनी एक काळी छत्री धरली होती, स्वतःवर नाही, शेजारच्या पांढऱ्या साडीतल्या म्हाताऱ्या बाईवर. छत्री सारखी हलत होती. वारा नव्हता. दुसऱ्या हातात काही कागद छातीशी धरलेले. एक पोलीस रांगेतून चालत आला तसे सर अंग चोरून भिंतीकडे सरकले, पण छत्री जागची हलू दिली नाही. हात तेवढा लांब केला.

"दामले ना ते?" वडील म्हणाले. "इथे कसे? हाक मारू का?"

"नको," मी म्हटलं. "दचकतील."

फाटक उघडलं. आतून कुणीतरी एक नाव ओरडून पुकारलं, ते मला नीट ऐकू आलं नाही. म्हातारी बाई गोंधळून इकडे तिकडे बघायला लागली. सरांनी छत्री मिटली, कपाळाचा घाम पुसला, तिच्या कोपराला धरलं आणि तिच्या अर्धं पाऊल पुढे होऊन, त्या फाटकातून आत गेले.

बस सुटली.